केळीच्या गाडीचे शॉकअप

धुळ्यात खोली शोधत फिरत होते, तेव्हा नानांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुठून बसलीस?"

मी तर त्यांच्या दारात उभी होते. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात वळकटी. विचार करून गावाचं नाव सांगितलं. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव धुळ्यात फार कोणाला माहीत नसतं, पण नानांनी मान हलवली.

"फाट्यावर उतरून आत जावं लागतं. माहिती आहे. आणि तू उतरणार कुठं?"

 आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शहरातली माणसं काय विचारतात आणि त्याला काय सांगायचं असतं, हे मला सांगायला कोणी नव्हतं. बराच वेळ घुटमळून मी म्हटलं, "बी.ए. होईपर्यंत राहीन."

"मग तोवर सीट तुझी." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत तोंड करून ओरडले, "ओ, मागची सीट गेली!"

आतून एका बाईंचा आवाज आला, "जाऊ द्या. आते तिले चहा लागी का नही, ते इचारा."

नाना म्हणजे आमचे घरमालक, आणि आतल्या बाई म्हणजे त्यांची बायको, अक्का. नाना जन्मभर एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, पण त्यांच्यातली बस काही थांबली नाही. चहा ते उभ्यानंच पीत, पाय फाकवून, एक हात दाराच्या चौकटीला धरून. जणू आत्ता ब्रेक लागेल आणि चहा सांडेल. घरात दोनच माणसं असली तरी तिसरं आत आलं की म्हणायचे, "पुढं सरका, दारात गर्दी नको." त्यांचं एक वाक्य तर मी कॉलेजात मैत्रिणींनाही ऐकवायची: "सीट मिळत नसते. माणूस सरकला की सीट होते."

आणि घंटी. जुन्या गाड्यांत दोरी ओढून वाजवायची घंटी असायची ना, तशी एक त्यांनी कुठून तरी मिळवली होती. घंटी स्वयंपाकघरात आणि दोरी बाहेरच्या खोलीत, त्यांच्या पाटाशेजारी. जेवताना दोनदा वाजवली की भाकरी वाढ, एकदा वाजवली की बस. अक्का त्या घंटीकडे अजिबात लक्ष देत नसत. नाना दोनदा वाजवायचे, अक्का आतून सांगायच्या, "ड्रायव्हर जेवना नही आजून. थांबा जराखा." त्या दोरीला अक्कांनी कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

कंडक्टर माणसाच्या मनात एक गोष्ट राहून जाते, असं मला नानांकडे पाहून वाटायचं. सगळा जन्म गाडीत गेला, पण गाडी दुसऱ्यानंच चालवली. म्हणून नोकरी संपल्यावर नानांनी गाडी चालवायला शिकून घेतली, आणि बोदवडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून जुनी जीप आणली. चारही चाकं ओढणारी. नाना तिला 'फोर बाय फोर' म्हणायचे, तेही असं की समोरच्याला वाटावं, घरात एखादी पदवीधर सून आली आहे. या जीपमध्येही त्यांनी दोरीची घंटी लावली. मागं बसणाऱ्यानं दोनदा वाजवल्याशिवाय ते गाडी हलवायचेच नाहीत. कितीही उशीर झालेला असो, स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहायचे.

"नाना, चला ना."

"घंटी?"

आणि चालवताना सारखं मागं वळून बघायचे. कोणी उभं नाही ना, सगळ्यांना जागा मिळाली ना. रस्ता समोर असायचा आणि नाना मागं. मी एकदा भीत भीत तसं म्हटलं, तर म्हणाले, "रस्ता काय, तिथंच असतो. माणसं पडतात."

पण ही जीप मुळात कशासाठी घेतली, ते सांगायचं राहिलं. ती अक्कांसाठी घेतली होती.

अक्कांचं माहेर आमच्याच बाजूला, डोंगराच्या अगदी पोटात. बस फाट्यापर्यंत. तिथून आत कच्चा रस्ता, दोन गावं, मग एक नाला, सगळा गोट्यांचा, आणि नाल्यापलीकडे अक्कांचं गाव. तिथं त्यांचा थोरला भाऊ. खानदेशात अखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला लेकीनं माहेरी जायचं असतं. तिथं जाऊन झोका घ्यायचा, गाणी म्हणायची, गेलेल्या माणसांच्या नावानं भरलेल्या घागरीपुढं हात जोडायचे. दिवाळी एखादी चुकली तरी चालते, अखाजी चुकली तर बाई वर्षभर हळहळते. माझी आई अजून हळहळते, आणि तिचं माहेर तर शेजारच्याच गावात आहे.

मी धुळ्याला यायच्या आधी, जीप आल्यावर पहिल्याच अखाजीला नाना मोठ्या थाटात अक्कांना घेऊन निघाले, आणि त्याच नाल्यात जीपनं अशी काही उडी मारली की अक्कांची पाठ धरली. माहेर पलीकडच्या काठावर दिसत होतं, पण अक्का तिथूनच आडव्या होऊन परत आल्या. पुढं कितीतरी दिवस त्यांनी खाटेवर काढले. बऱ्या झाल्या, पण पाठीनं ती आठवण सोडली नाही. मोटारसायकलवर बसवत नाही, बैलगाडी कोणाकडे उरली नाही, आणि नाल्यातला रस्ता खचल्यापासून प्रवाशांची काळीपिवळी जीपही तिकडं जात नाही. भाऊ दर अखाजीला निरोप धाडायचा. अक्का म्हणायच्या, "पुढला साल." आणि नाना तिथं असले तर, "मी मरी जासू, पन तुमनी जीपमा बसाव नही."

 नाना उठून बाहेर जायचे आणि जीपचं बॉनेट उघडून आत बघत राहायचे. दोष काही बॉनेटमध्ये नव्हता, हे मलासुद्धा कळायचं.

त्या वर्षी भाऊचा निरोप जरा वेगळा आला. कोणीतरी फोनवर सांगितलं की म्हाताऱ्यानं अंगणातल्या निंबाला आत्ताच दोर बांधून ठेवलाय. म्हणतोय, यंदा बहिणीचा झोका बघायचाय, पुढचं कोणी सांगावं. अक्कांनी फोन ठेवला आणि बराच वेळ परातीतल्या पिठाकडे बघत बसल्या. नाना दारात उभे होते. चहा तसाच हातात.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तू कॉलेजात जातेस. मला सांग, जगात सगळ्यात नाजूक माल कोणता?"

मी म्हटलं, "काच?"

"केळी!" नाना म्हणाले. "काचेला धक्का लागला तर लगेच कळतं. केळीला लागला तर दोन दिवसांनी कळतं. मी रावेरच्या गाडीवर किती वर्षं काढली. त्या शेतातले रस्ते बघितलेस? त्यातून पिकअप भरून केळी निघते, आणि एका घडाला डाग नसतो. आता सांग, केळं पोचतं, मग तुझी अक्का का नाही पोचणार?"

मला यात काही चूक दिसली नाही. खरं सांगते, मला ते पटलंच.

भंगार बाजारात त्यांनी एक मोडीत निघालेली पिकअप शोधून काढली. तिच्या हौद्यात केळीची वाळलेली पानं अजून चिकटलेली होती. नानांनी त्यातलं एक पान पुराव्यासारखं खिशात घातलं आणि तिचे चारही शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे दांडे, काढून आणले. एक मला उचलून दाखवला. काळा, जड, आमच्या घरच्या मुसळासारखा. मग आम्ही आग्रा रोडवरच्या चाचांच्या गॅरेजात गेलो. आम्ही म्हणजे नाना आणि मागं घंटी वाजवायला मी.

चाचांनी शॉकअप हातात घेऊन खालीवर दाबायचा प्रयत्न केला. तो दबला नाही.

"नाना, हे लोडच्या गाडीचे आहेत. तुमची जीप म्हणजे चिमणी. चिमणीला हत्तीचे पाय लावता का?"

"लाव."

"बसणार नाही. लांबी जास्त आहे."

"सरकव. सरकलं की बसतं."

"ही काय एसटीची सीट आहे का, सरकवायला?"

पण नानांपुढं कोणाचं चाललं नाही. चाचांनी शॉकअप अडकवायचे वरचे जुने कान कापले, जाड पत्र्याचे नवे कान थोडे वर वेल्ड केले, टायरचं रबर कापून जोडांत त्याचे बुश घातले. काम चालू असताना चाचा पुन्हा म्हणाले, "लोड नसला तर दगडासारखी कडक राहील, बघा." नाना म्हणाले, "गाडीत अक्का असेल, मी असेन. आम्ही काय हवा आहोत का?" सगळं झाल्यावर जीप मागून उचललेली दिसू लागली, उठायच्या बेतात असलेल्या म्हशीसारखी. नाना तिच्याभोवती दोनतीनदा फिरले आणि म्हणाले, "आता बघ."

बघायचं कसं, हाही प्रश्न होताच. अक्का बसायला तयार नव्हत्या. माझी पाठ तरुण, तिच्यावरून काही कळत नव्हतं. तेव्हा नानांना बिबड्या आठवल्या. आमच्याकडं उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या करतात. पापडासारख्याच, पण मोठ्या आणि पातळ. गच्चीवर धोतरं पसरून त्यावर घालायच्या, कडक वाळल्या की डब्यात भरायच्या. उचलताना बोट जोरात लागलं तरी मोडतात. अक्कांच्या बिबड्या गल्लीत नावाजलेल्या होत्या. नानांनी त्यांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरून घेतला आणि जीपमध्ये नेमक्या अक्कांच्या जागेवर ठेवला. म्हणाले, "ही तुझी अक्का. दे घंटी."

आम्ही धुळ्याबाहेर लळिंगच्या बाजूच्या एका कच्च्या रस्त्याला लागलो. पहिल्याच खड्ड्यात मी सीटवरून उठले आणि परत बसले ती वेगळ्याच जागी. डबा झांजेसारखा वाजत होता. नाना मागं वळून म्हणायचे, "कसं वाटतंय?" मला 'बरं वाटतंय' म्हणायचं होतं, पण दात एकमेकांवर आपटत असल्यामुळे शब्दच फुटेना. घरी येऊन डबा उघडला तर आत चुरा.

अक्कांनी डब्यात पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. "हाई मी शे का?" त्यांनी विचारलं. "बरं व्हयनं, सांगं. आते समजनं, मनं काय व्हई ते."

नानांनी हार मानली नाही. शॉकअप सैल कर, घट्ट कर, टायरची हवा कमी कर, सीटखाली गादी घाल. आणि दर वेळी डबा घेऊन फेरी. घरात चुराच चुरा झाला. अक्का त्यात कांदा, तेल, तिखट, शेंगदाणे घालून द्यायच्या. फार चांगला लागायचा. मी कॉलेजात डबा उघडला की मैत्रिणी आत डोकावून विचारायच्या, "कालपण नाही जमलं वाटतं?" आमच्या भूगोलाच्या मॅडमनीसुद्धा एकदा चुरा खाल्ला आणि गाडीची चौकशी केली. मॅडम माझ्याशी वर्गाबाहेर बोलल्या ती ही पहिलीच वेळ. मी इतकी गडबडले की त्यांना शॉकअपची लांबीच सांगत बसले.

अखाजी जवळ येत चालली. अक्का बोलत नसत, पण एक दिवस मी त्यांना ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकताना पाहिलं. मला बघून म्हणाल्या, "कसर लागस, म्हनीसन टाकं." मी काही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्हाला बँडवाले भेटले.

आम्ही पुन्हा त्याच लळिंगच्या रस्त्यावर होतो. टोकाला जाऊन नानांनी डबा उघडला. वरच्या बिबड्या मोडल्याच होत्या. नाना खाली दगडावर बसले. मोडक्या बिबड्या काढून त्यांनी कागदावर ठेवल्या, अख्ख्या राहिलेल्या परत डब्यात. मला त्यांना काहीतरी धीराचं सांगावंसं वाटत होतं, पण असं मोठ्या माणसाला काय सांगतात ते मला सुचत नाही. मी शेजारी बसून कागदावरचा चुरा खाऊ लागले.

परत निघालो तर वाटेत लग्नाहून येणाऱ्या बँडवाल्यांचा टेम्पो बंद पडलेला. लाल कोट, सोनेरी झालरी, आणि घामानं सगळे ओले. रस्त्याच्या कडेला ढोलावर बसलेला त्यांचा म्होरक्या हात जोडून म्हणाला, "नाना, तेवढं हायवेपर्यंत." उभ्या माणसाला नाही म्हणणं नानांच्या रक्तात नव्हतं. "पुढं सरका, पुढं सरका," करत त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. मोठा ढोल, छोटा ढोल, ते वेटोळं घातलेलं मोठं पितळी वाजंत्र, आणि ते वाजवणारा तितकाच गोल माणूस. डबा माझ्या पायाशी कसाबसा राहिला. घंटी त्यांच्यातल्या एकानं वाजवली, तीही तालात.

आणि जीप चालू लागली. मी वाट बघत होते पहिल्या खड्ड्याची. तो आला आणि गेला. गाडी खाली दबली, वर आली, पुन्हा खाली; अशी हळू, झोपाळ्यासारखी. पितळी वाजंत्रवाला तर झोपून गेला. हायवेला ते उतरले, तेव्हा मी डबा उघडून पाहिला. एकही बिबडी मोडली नव्हती.

"नाना," मी म्हटलं.

नानांनी डब्यात पाहिलं. मग मागच्या रस्त्याकडं पाहिलं. रस्ता तोच होता.

"मला वाटतं," मी म्हटलं, "म्हणजे मला नक्की माहीत नाही, पण वजन होतं ना गाडीत. चाचा पण तेच म्हणत होते."

नानांनी रिकाम्या झालेल्या जीपकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"म्हणजे गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "माणसं कमी आहेत."

घरी येऊन त्यांनी अक्कांना सांगितलं, की वजन घातलं की झालं. वाळूची पोती भरू, नाहीतर कांद्याची. अक्का म्हणाल्या, "आनि मी त्यासमा बसू? माहेरले जाई राहिनू का मार्केटले? मनी भावजाई काय म्हनी? मी काय कांदासनं पोतं शे का?"

"मग माणसं भरू."

अक्कांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही? जीपमा मानसं भरशात? अहो, मंग तुम्ही बी काळीपिवळीवाला व्हई ग्यात!"

हे मात्र नानांच्या वर्मी लागलं. नोकरीभर त्यांनी कोणाला शिव्या घातल्या असतील तर या काळ्यापिवळ्या जीपवाल्यांना. बसच्या पुढं उभं राहून गावांची नावं ओरडायची आणि बसचे पॅसेंजर पळवायचे, याचा त्यांना मनस्वी राग होता. "मी ओरडणार नाही," ते म्हणाले. "पैसे घेणार नाही. कोणी उभं असलं तर सीट देईन. एवढंच."

अखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. मलाही घरी जायचं होतं. परीक्षा अखाजीनंतर होती. नानांनी माझ्याकडं नापसंतीनं पाहिलं आणि म्हणाले, "तुझं वजन कितीसं! दोन पुस्तकं जास्त घे." मी खरंच घेतली. अक्का हिरवं लुगडं नेसून मागं बसल्या, दोन्ही हात दांडीला, डोळे मिटलेले. मी घंटी वाजवली. हायवे गुळगुळीत होता, फाट्यापर्यंत काही झालं नाही.

फाट्यावर मात्र माहेरवाशिणींची ही गर्दी. पिशव्या, पोरं, कडेवर पोरं, हातात पंखे. सगळ्या आत जाणाऱ्या गाडीची वाट बघत होत्या. जीप पाहून सगळ्यांनी माना वळवल्या. नाना खाली उतरले, उभे राहिले, घसा साफ केला, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मला म्हणाले, "तू विचार." मला तर वर्गातसुद्धा हात वर करता येत नाही. आम्ही दोघं तसेच उभे. शेवटी अक्कांनीच जीपमधून डोकं बाहेर काढलं.

"या व माय, कथा जानं शे तुमले? बसा. पैसा नही लागत. हाऊ बाबा येडा शे."

मग काय, नाना नानाच झाले. "पुढं सरका, पोरं मांडीवर घ्या, पिशवी पायाशी." एक चांगली थोराड बाई चढली, तिला पाहून नानांचा चेहरा इतका उजळला की अक्कांनी मला कोपर मारलं. तिला त्यांनी बरोबर मागच्या चाकावरच्या जागेवर बसवलं. थोराड बाईनं विचारलं, "हाई काय, फुकट नेवानं आनि जागा बी निवडीसन देवानी?" तेव्हा अक्कांनी सगळं सांगितलं. पाठ, नाला, भाऊ, केळी, बिबड्या, सगळं. बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जीप त्या कच्च्या रस्त्यावर डोलत चालली आणि मागं कोणीतरी अखाजीचं गाणं धरलं. अक्कांनी डोळे उघडले. एक हात दांडीवरून सुटून मांडीवर आला.

जिचा विचार नानांनी केला नव्हता, मी केला नव्हता, ती गोष्ट पहिल्या गावात झाली. दोन बायका पोरांसकट उतरल्या. जीप हलकी झाली आणि पुढच्याच खड्ड्यात आपटली. अक्कांचा हात पुन्हा दांडीला गेला. गाणं थांबलं. बाकी सगळ्या पुढच्या गावच्या, आणि नाला त्याच्या पुढं. म्हणजे नाल्यात अक्का असणार, मी आणि माझी दोन पुस्तकं.

दुसरं गाव आलं. थोराड बाईचा भाऊ पारावर बसून वाटच बघत होता. तो पिशवी घ्यायला पुढं आला. बाई जागची हलली नाही.

"उतर ना व बाई," भाऊ म्हणाला.

"थांब रे. या अक्काले पोचाडीसन येस."

"कोन अक्का?"

"तुले काय करनं? तू बी बस. आनि त्या दोन पोऱ्यासले बी बसाड."

मग बाकीच्या बायकांतही कोणी उतरेना. एक म्हणाली, "आमी उतरनूत तं तिना भाऊनी दोर कसाले बांधा?" नाना मागं वळून बघत होते, नेहमीसारखे, पण या वेळी त्यांना 'पुढं सरका' म्हणायचं सुचलं नाही. बायका आपणच सरकल्या. भाऊ बसला, पोरं बसली, पारावरचे एक आबा काय चाललंय ते बघायला आले होते, त्यांनाही थोराड बाईनं हाताला धरून आत घेतलं.

नाल्याच्या काठाला नानांनी जीप थांबवली. खाली सगळे गोटे, मोठे, ऊन लागून पांढरे पडलेले. पलीकडं चार घरं, आणि एका अंगणातला निंब दिसत होता. फोर बाय फोरचा दांडा नानांनी टाकला. आणि तसेच बसून राहिले.

मला वाटलं, घंटीसाठी थांबलेत. मी दोरीकडं हात नेला. पण त्यांचा चेहरा आरशात दिसला आणि मी हात मागं घेतला. नाना घाबरले होते.

"ओ," ते समोर बघूनच म्हणाले. "उतरस का? चालीसन जाऊत. हातले धरीसन नेस मी तुले. सावकाश."

 कडेवरचं एक पोर तेवढं कुरकुरलं. अक्कांनी नानांच्या मानेकडं पाहिलं, मग निंबाकडं. पदर खोचला. आणि हात वर करून, जसल्या दोरीला त्यांनी घरी कधी बोट लावलं नव्हतं तसलीच ही जीपमधली दोरी धरून, घंटी वाजवली.

दोनदा.

जीप उतरली. गोट्यावर चढली, खाली बसली, पुन्हा चढली. सगळी माणसं एकदम डावीकडं, एकदम उजवीकडं. आबा 'देवा, देवा' म्हणत होते आणि थोराड बाई अक्कांना मिठी मारून बसली होती, उशीसारखी. पलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा नानांच्या सदऱ्याची पाठ घामानं काळी झाली होती. अक्का आपल्या पायांनी उतरल्या. त्यांचा भाऊ काठी टेकत अंगणातून येत होता. त्यानं बहिणीला नाही, आधी जीपभर माणसांना पाहिलं आणि विचारलं, "एवढा मुराळी कोठून आनात व बाई?" माहेरी न्यायला येणाऱ्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. अक्कांना हसू आवरेना, आणि पाठीला हात लावायचा त्या विसरल्या.

त्या दिवशी थोराड बाईच्या मंडळींबरोबर मीही नाला चालत ओलांडून परतले आणि माझ्या गावी गेले. अखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला धुळ्याला परतायचं होतं. आई मला सोडायला फाट्यापर्यंत निघाली होती, डोक्यावर माझी पिशवी घेऊन. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं, तरी आईनं माझी खोली कधी पाहिली नव्हती. तिला बस लागते. तालुक्याला जाईपर्यंत ती अर्धी होते, मग धुळ्याचं नावच नको. नाना कधी कधी विचारायचे, "तुझी माय कधी येणार?" मी म्हणायची, येईल.

फाटा दिसू लागला आणि लांबूनच एक आवाज आला.

"चला धुळे, धुळे, धुळे! धुळेवाले, चला लवकर!"

मी थांबलेच. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून, एक हात दाराला धरून नाना ओरडत होते. घसा बसलेला होता, म्हणजे बराच वेळ ओरडत असावेत. मागं अक्का, तोंडात पदराचा बोळा कोंबून, हसून हसून लाल झालेल्या.

"नाना, तुम्ही?" मी म्हटलं.

"रिकामी गाडी घेऊन नाल्यात उतरलो असतो तर हिचा चुरा झाला असता. तिथून गावकरी घेतले, ते इथं उतरले. आता हायवे आहे म्हटलं, तरी ही म्हणते, रिकामी जीप नको, सवय मोडली." मग त्यांनी माझ्या आईला पाहिलं. "ही माय?"

एक माणूस पुढं येऊन विचारत होता, धुळ्याचे किती घेणार. नाना त्याच्यावर खेकसले, "पैसे कोणाला पाहिजेत? वजन पाहिजे. बस, जड बस." आणि आईकडं वळून म्हणाले, "तुम्ही पण चला."

आई घाबरून मागं सरली. "नही बा. माले गाडी लागस. आनि मी तं काडी शे, मनं काय वजन!"

"काडी तं काडी," आतून अक्का म्हणाल्या, आणि सरकल्या. "ये व बाई. ह्या गाडीमा बिबडी मोडत नही."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी काही बोलले तर ती परत फिरेल. तिनं डोक्यावरची पिशवी आधी आत ठेवली, मग हातानं लुगडं आवरत स्वतः चढली आणि अक्कांशेजारी अंग चोरून बसली. गाडी अजून जागची हललीही नव्हती. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन्हीकडं बघून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "तुनं कॉलेज कोनती बाजूले दिसी व?"

नाना स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होते. अक्कांनी आईचा हात धरला आणि दोरीवर नेऊन ठेवला.